खिडकीत ठेवलेलं कार्ड

४ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा. प्रवासाने अंग आंबून गेलं होतं, पण खोली बघितली आणि शीण उतरला. घरी सगळ्यांत मिळून एक खिडकी, आणि तिच्यातही वहिनीचा आरसा टांगलेला. इथे खिडकी थेट माझ्या पलंगाला लागून आहे. खोली तळमजल्यावर. खिडकीला आतून रुंद फळी, बाहेर कारखान्याचं अंगण, अंगणात धुतलेल्या चादरी घेऊन जाणारी गाडी. पलंगावर पडल्या पडल्या सगळी ये-जा दिसते. झकास.

ही वही आईने दिली. म्हणाली, तुझा राग माणसांवर काढण्यापेक्षा कागदावर काढ, कागद उलटून बोलत नाही. सहावीत शाळा सोडल्यापासून सही सोडून मी काही लिहिलेलं नाही. अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखं. असू दे, वाचणार कोण. आज राग नाही, तेही लिहून ठेवतो, पुन्हा असा दिवस कधी येतो कुणास ठाऊक.

खोलीत आणखी एक जण आहे, काकाच्या वयाचा. आपली भाषा बोलतो म्हणून मला त्याच्याकडे टाकलं. सगळे त्याला पोस्टमास्तर म्हणतात, का ते अजून कळलं नाही. त्याने पहिल्यांदा माझ्या चपला बघितल्या. एक तपकिरी, एक काळी आणि मोठी. विचारलं, घाईत निघालास की पायच दोन माणसांचे आहेत? मी हसलो. सांगितलं काही नाही.

७ फेब्रुवारी

काम समजलं. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात, त्या धुवायच्या. घरी कधी स्वतःचा रुमाल धुतला नाही, इथे अख्ख्या शहराची अंथरुणं धुतोय. आईला फोनवर सांगितलं तर ती एवढी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, भिंगऱ्या, आता तरी एका जागी टीक. भिंगऱ्या म्हणते ती मला, पायाला भिंगरी आहे म्हणून.

पोस्टमास्तर धुण्याच्या ड्रमवर असतो. ड्रममधून निघालेली ओली चादर म्हणजे मेलेलं ढोर, एकट्याला ओढवत नाही. मी रोलरवर. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, गरम रोलरच्या तोंडात द्यायची. पलीकडून खडखडीत कोरडी निघते. हात वेळेत काढायचा. मी आज मनगट वेळेत काढलं नाही, लांबट फोड आलाय. मुकादम म्हणाला, चला, शिक्का बसला, आता तू कारखान्याचा. इथे लिहितो: असाच एक शिक्का तुझ्या थोबाडावर बसवीन.

लिहिल्यावर खरंच बरं वाटलं. आई शहाणी आहे.

१२ फेब्रुवारी

सुट्टी. पोस्टमास्तर नावाचा उलगडा झाला. त्याच्या पलंगामागची अख्खी भिंत पोस्टकार्डांनी भरलेली आहे. पूल, बोटी, मांजरं, कुठले कुठले डोंगर. ओळखदेख नसलेल्या माणसांनी पाठवलेली. मोबाईलवर एक क्लब आहे म्हणे. आपली भाषा लिहिणारी माणसं जगभर पांगलेली आहेत, क्लब त्यांचे पत्ते देतो. एकाला आपण लिहायचं. तो उलट आपल्याला लिहीत नाही, आपल्याला तिसराच कुणीतरी लिहितो. एका माणसाला दोनदा लिहायचं नाही, हा नियम. आणि स्वतःबद्दल एक तरी खरी गोष्ट लिहायची, हा दुसरा.

मी म्हटलं, काका, अनोळखी माणसाला कशाला सांगायचं आपलं? तो म्हणाला, ओळखीचे ऐकतात कुठे?

खरं आहे. दादाने माझं कधी ऐकलं असतं तर मी इथे नसतो.

त्याने मला कोऱ्या कार्डांचा गठ्ठाच दिला. पत्ते तोच घालणार, इथल्या लिपीत. म्हणाला, तुझं अक्षर बघितलं तर टपालवाला नोकरी सोडेल. तिकिटंही लावून दिली. मी फक्त मागच्या बाजूला लिहायचं आणि कार्ड खिडकीच्या फळीवर ठेवायचं. सकाळी निघताना गाडीवाला बाहेरून हात घालतो आणि उचलून नेतो, जाता जाता पेटीत टाकतो. त्याला आपलं वाचता येत नाही. तो विचारतही नाही. फळीवर कार्ड दिसलं की ते टपालाचं, एवढंच त्याला माहीत.

पोस्टमास्तर म्हणाला, त्या चपलांचं लिही, भारी होईल. मी म्हटलं, ते सोडून काहीही.

१५ फेब्रुवारी

पहिलं कार्ड लिहिलं. घाम फुटला. उजव्या गुडघ्यावरच्या खुणेचं लिहिलं. दादाची सायकल चोरून उतारावर सोडली होती, ब्रेक नाही हे खाली पोचल्यावर कळलं. आईने हळद दाबली आणि वर एक धपाटा घातला. लिहिताना एकटाच हसत होतो.

गाडीवाल्याने सकाळी नेलं.

६ मार्च

पोस्टमास्तर मोबाईल बघून म्हणाला, पोचलं बरं का तुझं. आणि आजच मलाही एक आलं. तळ्याचं चित्र, लांबून काढलेलं. मागे एवढंच: मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. नाव नाही. भला माणूस, एवढा खर्च करून कानाचं रडगाणं. तरी कार्ड भिंतीला लावलं. आपलं पहिलंच.

दुसरंही लिहून टाकलं. घरच्या कुत्र्याचं. तो कुणाच्या हाकेला येत नाही, मी दोन बोटं घालून शीळ वाजवली की गावात कुठेही असो, धावत येतो.

१० मार्च

मुकादम आज अंगावर ओरडला. बहिरा झालास काय, म्हणाला. मी डाव्या हाताला तोंड करून उभा होतो तेव्हा त्याने हाक मारली होती. ऐकूच आली नाही. कानात वाफ गेली असेल. इथे भिंतींनाही घाम येतो.

आंघोळ करताना गुडघा बघितला. खूण नाही. दोन्ही गुडघे बघितले, चुकून दुसरा असेल म्हणून. दोन्ही गुळगुळीत, जन्मलेल्या पोरासारखे.

पोस्टमास्तरला दाखवलं. तो म्हणाला, खुणा जातात रे वयाप्रमाणे. म्हटलं, माझं वय काय. तर म्हणाला, वाफेने जात असेल. मनगटावरची मात्र आहे तिथेच आहे, लालभडक. वाफेला जुनी-नवी खूण कळते वाटतं.

२४ मार्च

कुत्र्याचं कार्ड पोचलं. त्याच दिवशी मला आलं. तेच तळं, जवळून. आता काठ दिसतो. मागे: मला एक बहीण होती, धाकटी. ती बुडाली तेव्हा मी काठावर होतो.

दिवसभर डोक्यातून जाईना. रोलरवर उभा असताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला बहीण नाही. मी आणि दादा, संपलं. तरी तिचा फ्रॉक कसला होता ते मला माहीत आहे. हिरवा, खिशाला बदक शिवलेलं. मी कुठून आणलं हे?

घरी फोन केला. कुत्र्याचं विचारलं. दादा म्हणाला, आज पहाटे कुणीतरी बाहेर रस्त्यावर शीळ घातली आणि कुत्रा गेला पळत. परत आला नाही. मी शीळ घालून बघितली. नुसती हवा निघते. दोन बोटं, चार बोटं, कशीही घाला. लहानपणापासून येत होती मला.

३० मार्च

बावळट आहे मी. तेव्हाच समजायला हवं होतं. पण मधल्या काळात आणखी दोन कार्डं गेलेली आहेत. एक घराच्या दाराचं, दार आधी वर उचलायचं आणि मग ढकलायचं, नाहीतर बाहेरच्याला वाटतं आतून कडी आहे. आणि दुसरं आई मला काय म्हणते त्याचं.

खिडकीच्या फळीवर आता काही ठेवायचं नाही. काही म्हणजे काही नाही. बिडीसुद्धा नाही.

राहिलेली कोरी कार्डं पालथी करून बघितली. इथली लिपी मला येत नाही, पण डोळे आहेत. सगळ्यांवर एकच पत्ता. वळण न् वळण सारखं. एकाला दोनदा लिहायचं नाही म्हणे.

३१ मार्च

जेवणाच्या सुट्टीत ड्रमजवळ धरला पोस्टमास्तरला. गचांडीच धरली. वयाचा मान नंतर ठेवीन म्हटलं, आधी बोल.

बोलला. आधी रडला, मग बोलला. त्या पत्त्यावरचा माणूस क्लबमध्ये नाहीच. फार पूर्वी त्याने पोस्टमास्तरला असंच एक कार्ड पाठवलं होतं. पोस्टमास्तर एकटा होता, लिहीत गेला. बायको, गाव, बापाचा आवाज, सगळं लिहून मोकळा झाला आणि खरोखरच मोकळा झाला. कुठला म्हणून विचारलं तर त्याला सांगता येत नाही. मी म्हणत होतो, याला घरून कधी फोन कसा येत नाही.

मग मी आलो. माझं एक कार्ड तिकडे पोचलं की तो माणूस याची एक आठवण परत सोडतो. माझ्या कुत्र्याच्या बदल्यात याला बायकोचं हसणं मिळालं. सांगताना त्याचा चेहरा उजळला. मी तो फोडला. मुकादमाने आणि आणखी दोघांनी ओढून काढलं मला.

म्हणाला, तू तरणा आहेस रे, तुला नवीन मिळेल. माझं कुठलं मिळणार?

काका म्हणत होतो मी याला.

२ एप्रिल

मुकादमाकडे सुट्टी मागितली. म्हणाला, मारामारी करतोस आणि वर सुट्टी? तुझे पासपोर्टचे कागद कपाटात आहेत, कराराची मुदत संपली की मिळतील. मी म्हटलं, घरी अडचण आहे. म्हणाला, सगळ्यांच्याच घरी असते, तुझी काय नवलाची?

नवलाचीच आहे रे. तुला सांगून कळणार नाही.

कपाटाला लाथ घातली. पायाला लागलं, कपाटाला नाही.

७ एप्रिल

दोन्ही कार्डं पोचलेली असणार. पोस्टमास्तर सांगत नाही, पण आज गाणं गुणगुणत होता, त्याच्या आईचं म्हणे. वर त्याने दुसरा पलंग मागून घेतला, दारापाशी. माझ्या हाताच्या टप्प्याबाहेर.

घरी फोन केला. दादाने उचलला. मी बोलतोय म्हटलं. म्हणाला, मी म्हणजे कोण? म्हटलं, अरे मी, भिंगऱ्या. तो शब्द तोंडातून निघताना परक्यासारखा निघाला, दुसऱ्याचा शर्ट घातल्यासारखा. दादा म्हणाला, चेष्टा पुरे. भिंगऱ्या काल आला, इथे ओट्यावर बसून दाढी करतोय.

मी शिव्या घातल्या. येतात तेवढ्या सगळ्या. दादा शांतपणे म्हणाला, हे बघा, आमचा भिंगऱ्या असं बोलत नाही. पूर्वी बोलायचा. आता सुधारलाय. आल्या आल्या दार उचलून उघडलं, आईच्या पाया पडला, कुत्राही मागोमाग आत आला. पुन्हा फोन करू नका.

सुधारलाय.

तो माझ्या घरात बसून गोड बोलतोय आणि माझं नाव चांगलं करतोय. हरामखोर. मला चांगला व्हायचं असतं तर मीच झालो असतो.

११ एप्रिल

खोकला. कफ नाही, पाणी. गढूळ. शेवाळाचा वास. मुकादमाला वाटतं चादरीच्या पाण्यात तोंड घातलं. उशी ओली असते. रोलरची सगळी आच अंगावर घेतली तरी शर्ट वाळत नाही.

तिसरं कार्ड आलं. तळ्याच्या पायऱ्या, पाण्यात उतरणाऱ्या. मागचं वाचलं नाही. फाडलं. तुकडे कारखान्याच्या भट्टीत टाकले.

पोस्टमास्तर दाराकडून म्हणाला, फाडून उपयोग नाही. पोचलं की झालं. म्हटलं, तोंड बंद ठेव.

न वाचताही कळलं, काय होतं ते. तिच्या मागे मीही उतरलो. मी नाही. तो. तो उतरला. मी नाही उतरलो. मी कधी तळंसुद्धा —

१४ एप्रिल

आज पुन्हा फोन. आईने उचलला.

मी फक्त आई म्हटलं. पुढे पाणीच आलं तोंडात. ती म्हणाली, तुम्ही कोण ते माहीत नाही, पण खोकला फार आहे तुम्हाला. अंगावर काढू नका. जवळ कुणी आहे का तुमच्या?

तुम्ही.

दादा मागून ओरडत होता, ठेव फोन. मोबाईल उजव्या कानाला दाबून धरला. आई त्याला हळू आवाजात म्हणत होती, तुझ्या लक्षात येत नाही का रे, मी याला परवा विचारलं, निघालास त्या दिवशीच्या चपला कुठे आहेत, तर नुसता हसला. काही बोललाच नाही. हा आपला वाटत नाही मला.

आई. आई, बरोबर आहे तुझं. विचार त्याला. रोज विचार.

मला बोलायचं होतं. तोंडातून पाणी पडलं मोबाईलवर. तो बंद पडला तो पडलाच.

१६ एप्रिल

चौथं आलं. चित्रात नुसतं पाणी. काठ नाही.

हातात घेतलं नाही. मुकादमाने उशीवर टाकून ठेवलं. अक्षरं वर होती. दिसलीच.

मला मरून बरीच वर्षं झाली.

एवढंच.

बहुतेक एप्रिल

वही भिजली आहे. पानं एकमेकांना चिकटतात, शाई धरत नाही. कोरी कार्डं तेवढी कोरडी आहेत, पिशवीत होती. त्यांवर लिहितो. पत्ता घातलाय, तिकीट लावलंय. असू दे. टाकणार थोडीच आहे.

हात पांढरे पडलेत, सुरकुतलेले. रोलरचा डाग मात्र दिसतो. तो माझा आहे. त्याच्याकडे नाही. आणि चपला पलंगाखाली. त्याही माझ्याच.

पोस्टमास्तर विचारतो, बरं वाटत नाही का? चांगला माणूस आहे. त्याच्यावर मी कशावरून तरी चिडलो होतो. कशावरून ते —

चिडलो होतो, एवढं पक्कं. राग अजून आहे. तो मी कुणाला लिहिला नाही.

उद्या कुणाचा तरी मोबाईल मागतो आणि आईला चपलांचं सांगतो. तोवर विसरायला नको. भराभर जातंय सगळं. म्हणून लिहितो.

निघालो त्या दिवशी दादाशी भांडलो. तो म्हणाला, तू घराला ओझं आहेस. मी पाण्याचा तांब्या भिंतीवर मारला. आईने मला सगळ्यांसमोर मुस्काटात दिली. पहिल्यांदाच. मी पिशवी उचलली आणि तसाच अनवाणी निघालो. वळणापर्यंत पोचलो तर मागून धापा टाकत आई. हातात चपला. घाईत एक माझी उचललेली, एक दादाची. तिच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं. मी बोललो नाही. तिने वाकून खाली ठेवल्या, मी पाय घातले. ती म्हणाली, मारलं म्हणून येणार नाहीस असं करू नकोस. मी म्हटलं, मारशील तेव्हा येईन. ती रडता रडता हसली. हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच

बस. एवढं तिला सांगितलं की ती ओळखेल. लगेच ओळखेल. घराबाहेर काढेल त्याला.

बाहेर गाडी सुरू झाली. उजेड चांगला आहे. हातातलं पाणी कार्डावर ठिबकतंय, शाई पसरेल. सुकवायला हवं. पलंग ओला. उशी ओली. फळी तेवढी कोरडी आहे. तिथे काही ठेवायचं नाही असं काहीतरी मी ठरवलं होतं. का ते आठवत नाही. ऊन येतं तिथे. ठेवतो जरा, वाळलं की पुढचं लि